'मॉरेटानिया'ला साडेचार दिवस, 'ब्रेमेन'ला पावणेपाच दिवस. मग विक्रम 'ब्रेमेन'ने मोडला कसा?

प्रश्न आलाय तो असा. अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजांच्या विक्रमांचा तक्ता करताना एका वाचकाचा हिशोब जुळत नाहीये. ब्रिटिश 'मॉरेटानिया'ने १९०९ मध्ये ४ दिवस १० तास ५१ मिनिटं घेतली. १९२९ मध्ये जर्मन 'ब्रेमेन'ला ४ दिवस १७ तास ४२ मिनिटं लागली, तरी विक्रम 'ब्रेमेन'ने मोडला असं सगळीकडे छापलेलं असतं. हे कसं काय? त्याला जोडून आणखी दोन शंका. वीस वर्षं जो विक्रम कुणाला मोडता आला नाही, तो पुढच्या नऊ वर्षांत पाच जहाजांनी आळीपाळीने मोडला, म्हणजे इंजिनं एकाएकी सुधारली का? आणि कॅप्टनने मनावर घेतलं तर कुठल्याही खेपेला विक्रम करता आला असता का?

मी मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. ही जहाजं मी चालवलेली नाहीत, मी सेलिंगला लागलो तोवर त्यांचा जमाना संपला होता. पण माझी उमेदीची वर्षं स्टीम टर्बाईनच्या टँकरवर गेली. बॉयलर, टर्बाईन, गिअर, कंडेन्सर ही सगळी मंडळी तीच, फक्त वर दोन हजार प्रवाशांऐवजी कच्चं तेल. त्यामुळे उत्तर इंजिन रूमच्या बाजूने देतो. ब्रिजवरच्या माणसाने दिलं असतं तर कदाचित थोडं वेगळं दिलं असतं.

पहिल्या शंकेत चूक तुमची नाही, तक्त्याची आहे. विक्रम धरला जायचा तो सरासरी वेगाचा. किती दिवस-तास लागले ते वर्तमानपत्रं मथळ्यात छापायची, पण प्रत्येक जहाजाचं अंतर वेगळं होतं. दादरहून पुण्याला आणि कल्याणहून पुण्याला निघालेल्या दोन गाड्यांचे नुसते तास समोर ठेवून कोण जोरात आलं ते ठरवता येईल का? तसंच हे. 'मॉरेटानिया'चं घड्याळ सुरू झालं ते आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, क्वीन्सटाउनच्या बाहेर. तिथून न्यूयॉर्कच्या तोंडाशी असलेल्या अँब्रोज दीपनौकेपर्यंतचं अंतर साधारण २,७८४ सागरी मैल. 'ब्रेमेन'चं घड्याळ फ्रान्समधल्या शेर्बूर बंदराच्या लाटरोधक बांधापाशी सुरू झालं आणि तिथून अँब्रोज ३,१६४ मैल. म्हणजे ३८० मैल जास्त. आता वेग काढा. 'मॉरेटानिया'चा २६.०६ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), 'ब्रेमेन'चा २७.८३. 'मॉरेटानिया' त्याच वेगाने शेर्बूरहून निघालं असतं तर ५ दिवस आणि सव्वा-दीड तास लागले असते. 'ब्रेमेन'ने त्याला पावणेआठ तासांनी मागे टाकलं.

तक्त्यात पुढे इटलीचं 'रेक्स' येईल तेव्हा हाच घोळ पुन्हा दिसेल. 'रेक्स' जिनोआहून निघायचं आणि त्याचं मोजमाप जिब्राल्टरपासून व्हायचं. ऑगस्ट १९३३ मध्ये त्याने जिब्राल्टर ते अँब्रोज हे ३,१८१ मैल ४ दिवस १३ तास ५८ मिनिटांत कापले, म्हणजे २८.९२ नॉट. वेळ पाहिली तर १९०९च्या 'मॉरेटानिया'पेक्षा तीन तास जास्त, वेग पाहिला तर जवळजवळ तीन नॉट जास्त. १९३५ पासूनच्या, फ्रान्सच्या 'नॉर्मंडी' आणि ब्रिटनच्या 'क्वीन मेरी'साठी मात्र बिशप रॉक हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळचा दीपस्तंभ आरंभबिंदू धरला गेला, म्हणून त्या दोघांची तुलना जवळपास सरळ करता येते. जवळपास म्हणतो, कारण अटलांटिकवर बर्फाच्या हंगामात दक्षिणेकडचा लांबचा मार्ग घ्यावा लागायचा आणि एरवी उत्तरेकडचा जवळचा. एकाच जहाजाच्या दोन खेपांचं अंतरसुद्धा तंतोतंत सारखं नसायचं.

दुसरा खड्डा दिशेचा. पश्चिमेला जाताना आणि पूर्वेला येताना असे दोन वेगळे विक्रम मानले जायचे. मान पश्चिमेकडच्या विक्रमाला जास्त, कारण उत्तर अटलांटिकचा प्रवाह आणि वारे बहुतेक वेळा पूर्वेकडे ढकलतात, तेव्हा न्यूयॉर्कला जाताना ते तोंडावर असतात. 'रेक्स'ला फक्त पश्चिमेकडचा विक्रम मिळाला, परतीचा जर्मन जहाजांकडेच राहिला. तक्त्यात हे दोन रकाने वेगळे ठेवले नाहीत तर 'रेक्स'च्या ओळीशी हमखास गोंधळ होणार.

आणि जुन्या बातम्यांतले 'एका दिवसात इतके मैल' हे आकडे तर हातही लावू नका. जहाजावर दिवस मोजतात तो दुपारी बारा ते दुपारी बारा. पश्चिमेला जाताना रोज घड्याळ मागे घ्यावं लागतं, म्हणून या जहाजांवरचा दिवस सुमारे २५ तासांचा असायचा. परतताना तोच २३ तासांचा. ३१ नॉटने पळणारं जहाज जाताना 'दिवसाला' ७७५ मैल दाखवेल आणि येताना ७१३, इंजिनाने तसूभरही फरक केलेला नसताना. कंपन्यांच्या जाहिरातींत कुठला आकडा छापला जायचा ते वेगळं सांगायला नको.

आता वीस वर्षांचं कोडं. याचं अर्धं उत्तर असं की त्या काळात कुणी मनापासून प्रयत्नच केला नाही. 'मॉरेटानिया' आणि त्याचं जुळं 'लुसिटानिया' ही जहाजं ब्रिटिश सरकारच्या पैशावर उभी राहिली होती. २६ लाख पौंडांचं स्वस्त कर्ज आणि दोघांसाठी मिळून वर्षाला दीड लाख पौंडांचं अनुदान, अट अशी की साडेचोवीस नॉटचा वेग टिकवायचा आणि युद्धात जहाजं नौदलाला द्यायची. ज्या कंपनीला असा पाठीराखा नव्हता तिने वेगाचा नाद सोडला. व्हाइट स्टार कंपनीची 'ऑलिंपिक' आणि 'टायटॅनिक' २१-२२ नॉटची जहाजं होती. 'टायटॅनिक' विक्रमासाठी पळत होतं ही दंतकथा अजून ऐकू येते, पण ज्या जहाजाची उडी तेवीसच्या आसपास त्याला २६ कुठून जमणार? हॅम्बुर्गच्या कंपनीनेही महायुद्धाआधी अवाढव्य आणि आलिशान जहाजं बांधली, वेगवान नाही. मग युद्ध झालं, 'लुसिटानिया' १९१५ मध्ये बुडालं, जर्मनीची तीन महाकाय जहाजं विजेत्यांकडे गेली आणि १९२१-२४ मध्ये अमेरिकेने स्थलांतरितांवर कोटा बसवल्यावर तळमजल्याच्या प्रवाशांचा खात्रीचा धंदाच आटला. अशा वेळी कोण नवं जलद जहाज बांधायला काढणार?

उरलेलं अर्धं उत्तर जर्मनीत आहे. जहाजं गेल्यामुळे जर्मन कंपनीसमोर जुनं काही सांभाळायचं नव्हतं, सगळं नव्याने बांधायचं होतं. नॉर्डडॉयचर लॉइडने 'ब्रेमेन' आणि 'ओयरोपा' ही जोडी काढली. एकाच ऑगस्टमध्ये, १९२८ साली, एका दिवसाच्या अंतराने दोन्ही पाण्यात उतरवली. दोघांनी एकत्रच मैदान मारायचं असा बेत होता, पण मार्च १९२९ मध्ये 'ओयरोपा'ला गोदीतच आग लागली आणि ते वर्षभर मागे पडलं. 'ब्रेमेन' जुलै १९२९ मध्ये एकटं निघालं, कॅप्टन होते लिओपोल्ड त्सिगेनबाइन. पहिल्याच सफरीत जाताना आणि येताना दोन्हीकडचे विक्रम घेतले. इतकंच नाही, न्यूयॉर्क जवळ आल्यावर डेकवरच्या यंत्राने टपालाचं विमान उडवून दिलं, म्हणजे पत्रं जहाजाच्या कितीतरी तास आधी पोचतील. वेळेसाठी पैसे मोजणारं गिऱ्हाईक टपाल होतं, हे त्या विमानावरून कळतं. मार्च १९३० मध्ये 'ओयरोपा' आलं आणि त्याने पश्चिमेकडचा विक्रम घेतला, सरासरी २७.९१. फरक अक्षरशः मिनिटांचा.

'मॉरेटानिया'बद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९२१ मध्ये आग लागल्यानंतरच्या दुरुस्तीत त्याच्या बॉयलरना कोळशाऐवजी तेल लावलं होतं. 'ब्रेमेन'ने विक्रम घेतल्यावर ऑगस्ट १९२९ मध्ये या बावीस वर्षांच्या जहाजाने स्वतःचा जुना वेग मागे टाकून २७ नॉट ओलांडले. 'ब्रेमेन'ला गाठता आलं नाही ते नाहीच. पण त्या वयाच्या टर्बाईनकडून एवढं काढून घेणाऱ्या इंजिनियरांना माझा नमस्कार.

आता इंजिनं सुधारली का, ते पाहू. सुधारली. पण तक्त्यात इंजिनाच्या आधी जहाजाच्या लांबीचा रकाना घाला, कारण खरी गोम तिथे आहे.

जहाज पुढे सरकताना स्वतःची लाट तयार करतं आणि ती लाट जहाजाच्याच वेगाने चालते. खोल पाण्यात अशा लाटेची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २६ नॉटला ती साधारण ११५ मीटर भरते, २८ ला १३३, ३० ला १५३ आणि ३१ ला १६३. आता शेजारी जहाजांची लांबी लिहा. 'मॉरेटानिया' २४१ मीटर, 'ब्रेमेन' २८६, 'नॉर्मंडी' ३१३, 'क्वीन मेरी' ३११. प्रत्येक जहाजाची लांबी त्याच्या विक्रमी वेगाच्या लाटेच्या दुपटीच्या आसपास येते. हा योगायोग नाही. याच्या बरंच पुढे रेटायला गेलं की लाट उठवण्यातच शक्ती झपाट्याने खर्ची पडायला लागते आणि बरीच शक्ती ओतली तरी वेग थोडाच वाढतो. 'मॉरेटानिया'च्या पोटात 'क्वीन मेरी'ची टर्बाईन बसवली असती, समजा बसली असती, तरी ३१ नॉट सुखासुखी मिळाले नसते. विक्रम मोडायचा तर आधी लांब जहाज बांधायचं, हा यातला पहिला नियम.

लांब जहाजाला लांब गोदी लागते. 'क्वीन मेरी'साठी साउदॅम्प्टनला किंग जॉर्ज पाचवा या नावाची नवी सुकी गोदी बांधावी लागली, ती १९३३ मध्ये तयार झाली. 'नॉर्मंडी'साठी सँ-नाझेरला एक झाली. ती गोदी इतकी मोठी की दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं 'टिरपिट्झ' हे लढाऊ जहाज मावेल अशी जर्मनीच्या ताब्यातल्या अटलांटिक किनाऱ्यावर ती एकच, म्हणून मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश कमांडोंनी छापा घालून ती निकामी केली. प्रवासी जहाजाच्या हौसेपायी बांधलेल्या गोदीसाठी पुढे माणसं मेली.

लाटेवरचा दुसरा उपाय म्हणजे जहाजाच्या नाकाखाली, पाण्याच्या आत, फुगीर बोंडासारखा भाग ठेवणं. अमेरिकी नौदलाचे डेव्हिड टेलर यांचं यावर काम होतं, आणि 'ब्रेमेन'-'ओयरोपा' या जोडीने ते मोठ्या प्रवासी जहाजावर आणलं. हा फुगवटा स्वतःची एक लाट उठवतो आणि ती नाकाच्या लाटेला बरीचशी मारते. आज जवळजवळ प्रत्येक मोठ्या मालवाहू जहाजाला तो असतो. पण तो ठरावीक वेगालाच कामाचा. आमच्या काळात तेल महागलं की मालक वेग कमी करायला सांगायचे, आणि मग तोच फुगवटा उगाच ओढलं जाणारं ओझं होऊन बसायचा.

'नॉर्मंडी' या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होतं. त्याच्या तळाचा आकार व्लादिमीर युर्केविच या रशियन अभियंत्याचा. झारच्या नौदलासाठी युद्धनौकांचे आराखडे केलेला माणूस, क्रांतीनंतर देश सोडून पॅरिसला आला आणि पोटासाठी मोटारीच्या कारखान्यात काम करत होता. त्याने नाकाशी अरुंद, मध्ये रुंद, खाली फुगवटा असा आकार मांडला. फ्रेंच कंपनीने तो प्रतिकृती करून हॅम्बुर्गच्या टाकीत तपासला आणि पसंत केला. याचा परिणाम असा की 'क्वीन मेरी'ला जो वेग गाठायला जास्त शक्ती लागायची, तो 'नॉर्मंडी' कमी शक्तीत गाठायचं. माझं मत विचाराल तर या सगळ्या कहाणीतलं सर्वांत देखणं अभियांत्रिकी काम हेच, विक्रम शेवटी कुणाकडे राहिला ते सोडा.

आता इंजिन. 'मॉरेटानिया'ची टर्बाईन थेट प्रोपेलरच्या शाफ्टला जोडलेली होती. टर्बाईनला हजारांत फिरायला आवडतं, प्रोपेलरला मिनिटाला दोनशेच्या आसपास. दोघांना एकाच शाफ्टवर बांधलं की दोघंही नाखूष. टर्बाईन अगडबंब करावी लागते आणि प्रोपेलर गरजेपेक्षा जोरात फिरतो. 'ब्रेमेन'च्या काळापर्यंत मोठ्या शक्तीचे गिअर कापण्याचं तंत्र आलं आणि हे भांडण मिटलं. फ्रेंचांनी 'नॉर्मंडी'वर वेगळाच रस्ता धरला: टर्बाईनने वीज करायची आणि विजेच्या मोटरने प्रोपेलर फिरवायचे. त्यात थोडी शक्ती वाया जाते आणि वजन वाढतं. पण उलटं फिरवायला वेगळी टर्बाईन लागत नाही, मागे जातानाही पूर्ण शक्ती हाताशी असते. बंदरात जहाज लावताना त्याची किंमत काय असते ते इंजिन कंट्रोलवर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा.

वाफेचा दाबही वाढला. 'मॉरेटानिया' चौरस इंचाला १९५ पौंडांवर चालायचं, 'क्वीन मेरी' ४०० पौंडांवर, आणि तेही चांगल्या तापवलेल्या कोरड्या वाफेवर. सगळ्यात मोठा फरक मात्र तेलाचा. कोळशाच्या बॉयलरमध्ये भट्ट्या आळीपाळीने साफ कराव्या लागतात, त्या वेळी वाफ पडते. खालचे कामगार थकतात, कोळसा वाईट निघाला तर गेलंच सगळं. तेलावर दाबाचा काटा चार दिवस एका जागी ठेवता येतो. सरासरीच्या खेळात हा स्थिरपणा फार मोलाचा.

तेव्हा इथवरचा हिशोब असा: लांबी वाढली, तळाचा आकार सुधारला, गिअर आणि तेल आलं. यातलं काहीही १९२९ मध्ये अचानक उगवलं नाही. ते एकत्र करायला लागणारा पैसा तेव्हा आला, आणि तो बहुतेक सरकारांचा होता. मुसोलिनीच्या इटलीला 'रेक्स' हवं होतं, फ्रान्सच्या सरकारने 'नॉर्मंडी'वर पैसा ओतला. ब्रिटनची गंमत वेगळी. 'क्वीन मेरी'चा सांगाडा क्लाइडबँकला डिसेंबर १९३१ पासून एप्रिल १९३४ पर्यंत तसाच गंजत पडला होता, मंदीत ते बांधणाऱ्या क्यूनार्ड कंपनीकडे पैसेच नव्हते. शेवटी सरकारने ९५ लाख पौंडांपर्यंत कर्जाची तयारी दाखवली, पण क्यूनार्ड आणि व्हाइट स्टार एक व्हा या अटीवर.

क्यूनार्डचं म्हणणं कायम असं की आम्ही विक्रमासाठी जहाज बांधलेलं नाही. बरेच लोक हे ऐकून हसतात. मी हसत नाही, कारण वेळापत्रकाचं गणित त्यांच्या बाजूने आहे. साउदॅम्प्टनहून दर आठवड्याला एक जहाज सुटलं पाहिजे, यासाठी त्यांना तीन जहाजं लागत होती. दोनच जहाजांत हे बसवायचं तर प्रत्येकाने १४ दिवसांत जाऊन परत येऊन पुन्हा सुटायला तयार व्हायचं. शेर्बूर धरून एका बाजूचं अंतर ३,१०० ते ३,२०० मैल. २४ नॉटने गेलात तर साडेपाच दिवस जायला, साडेपाच यायला, उरले तीन. तेवढ्यात दोन बंदरांत दोन हजार माणसं उतरवायची, चढवायची, तेल भरायचं, चादरी-टॉवेलपासून भाज्यांपर्यंत सगळं बदलायचं, भरती-ओहोटी सांभाळायची आणि इंजिन रूमला दुरुस्तीला वेळ द्यायचा. होणार नाही. साडेअठ्ठावीस नॉटने गेलात तर एका बाजूला चार दिवस आणि पंधरा तासांच्या आसपास, मग दोन्ही बंदरांत मिळून पावणेपाच दिवस सुटतात. आणि धुकं-वादळात गेलेला वेळ भरून काढायला २९-३० ची क्षमता राखीव पाहिजे. एवढी राखीव शक्ती पोटात असलेलं जहाज एखाद्या चांगल्या आठवड्यात विक्रम करणारच.

राखीव शक्ती वापरायची म्हणजे काय, ते आकड्यात पाहा. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. साडेअठ्ठावीसऐवजी ३१ नॉट हवे असतील तर शक्ती २९ टक्के जास्त लागते. बिशप रॉक ते अँब्रोज या २,९०७ मैलांत वाचतात फक्त आठ तास, आणि पूर्ण फेरीला तेल १८ टक्के जास्त जळतं. 'क्वीन मेरी' दिवसाला हजार टनांच्या घरात तेल प्यायचं, त्यावरून अंदाज करा. शिवाय पहाटे तीनला न्यूयॉर्कच्या तोंडाशी पोचून करायचं काय? धक्का सकाळीच मिळणार. रोजच्या धंद्यात विक्रमी वेग हा तोट्याचाच सौदा.

आता तिसरी शंका, कॅप्टनच्या मनावर घेण्याची. याचं खरं उत्तर 'परिस्थितीवर अवलंबून' हेच आहे, पण कशावर ते सांगतो.

वाफेच्या जहाजात ब्रिजवरून हुकूम आला म्हणून वेग वाढत नाही. बंदरातून बाहेर पडल्यावर फेरे हळूहळू चढवत न्यायचे असतात, टर्बाईनचा रोटर आणि तिचं कवच सारख्या तापमानाला यायला वेळ द्यावा लागतो. घाई केली तर घासाघीस होते. मग बॉयलरचे बर्नर. तेल ज्या बारीक भोकातून फवारलं जातं ती टिप मोठी घातली की जास्त तेल जळतं, पण त्याला हवाही तेवढी लागते, नाहीतर चिमणीतून काळा धूर आणि डेकवर काजळी. 'ब्रेमेन'च्या सुरुवातीच्या बुटक्या धुराड्यांमुळे मागच्या डेकवरच्या प्रवाशांना हा प्रसाद मिळालाच, पुढे ती धुराडी उंच करावी लागली. त्यानंतर कंडेन्सरचा, म्हणजे वापरलेली वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या यंत्राचा, व्हॅक्यूम. समुद्राचं पाणी थंड असेल तर व्हॅक्यूम चांगला मिळतो आणि तेवढ्याच वाफेतून जास्त काम निघतं. ऑगस्टमध्ये इराणच्या आखातात आम्ही व्हॅक्यूमच्या काट्याकडे बघून हळहळायचो. उत्तर अटलांटिकवाल्यांना, गल्फ स्ट्रीमचा पट्टा सोडला तर, हे सुख फुकट होतं.

आणि स्लिप. प्रोपेलरच्या पिचला, म्हणजे एका फेरीत त्याने जितकं पुढे न्यायला हवं त्या अंतराला, फेऱ्यांनी गुणलं की जहाज किती जायला हवं होतं ते निघतं. प्रत्यक्षात किती गेलं ते नॅव्हिगेशनवाले सांगतात. दोन्हींतला फरक टक्क्यांत काढून रोज दुपारच्या रिपोर्टमध्ये लिहायचा. समोरून समुद्र लागला की हा आकडा चढतो. तळाला शिंपले-शेवाळ चिकटलं की चढतो आणि उतरतच नाही. मुंबईबाहेर नांगर टाकून काही आठवडे बर्थची वाट पाहिली की पुढच्या सगळ्या सफरीत तेच जहाज तेवढ्याच तेलावर एक-दीड नॉट कमी देतं, कॅप्टन कितीही तळमळला तरी. म्हणून ड्रायडॉक, म्हणजे सुक्या गोदीत तळाची सफाई, होऊन किती दिवस झाले ते आधी पाहायचं, मग विक्रमाच्या गोष्टी करायच्या.

हे सगळं जुळलं आणि धुकं आलं तर? ३१ ची सरासरी हवी आहे आणि वाटेत फक्त चार तास १५ नॉटने जावं लागलं, असं धरा. उरलेल्या वेळात ३१.७ नॉटने पळावं लागेल, त्यासाठी शक्ती सात टक्के जास्त, तीही जवळजवळ चार दिवस सलग. 'क्वीन मेरी'च्या मे १९३६ मधल्या पहिल्या सफरीत नेमकं धुकं आडवं आलं आणि सगळ्या जगाचं लक्ष असताना विक्रम हुकला. तो ऑगस्टमध्ये मिळाला, ३०.१४ नॉट. 'नॉर्मंडी'चा तेव्हाचा पश्चिमेकडचा आकडा २९.९८. सबंध अटलांटिकमध्ये अर्ध्या तासाचा फरक!

पहिल्या सफरीत विक्रम करायचा हट्ट इंजिनियरला कधीच आवडत नाही. 'रेक्स' सप्टेंबर १९३२ मध्ये पहिल्या सफरीला निघालं आणि जिब्राल्टरपाशी वीज करणारी यंत्रं बिघडून अडकून पडलं. काही प्रवासी उतरून दुसऱ्या जहाजाने गेले. विक्रम अकरा महिन्यांनी झाला, यंत्रं रुळल्यावर. 'नॉर्मंडी'ने १९३५ मध्ये पहिल्याच सफरीत मान मिळवला आणि विक्रमाची खूण म्हणून ३० मीटर लांब निळी पताका फडकवत ते न्यूयॉर्कला शिरलं, पण मागच्या भागात कंपन इतकं की तिथल्या केबिनमध्ये बसवेना. हिवाळ्यात मागचा भाग मजबूत केला आणि तीन पात्यांचे प्रोपेलर काढून चार पात्यांचे बसवले. पाती वाढली की प्रत्येक पात्यावरचा भार कमी होतो आणि तळावर बसणारे हिसके सौम्य होतात. सुधारलेल्या 'नॉर्मंडी'ने १९३७ मध्ये 'क्वीन मेरी'कडून दोन्ही विक्रम परत घेतले, ३०.५८ आणि ३१.२०. ऑगस्ट १९३८ मध्ये 'क्वीन मेरी'ने पुन्हा उत्तर दिलं: जाताना ३०.९९, येताना ३१.६९. वर्षभरात युद्ध सुरू झालं, 'नॉर्मंडी' न्यूयॉर्कलाच अडकलं आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये तिथेच आग लागून आडवं झालं.

तक्त्यात विक्रमी जहाजाला मिळणाऱ्या चषकाचा रकाना करणार असाल तर एक सावधगिरी. हॅरल्ड हेल्स या ब्रिटिश खासदाराने चषक ठेवला तो १९३५ मध्ये, त्यामुळे 'ब्रेमेन' आणि 'ओयरोपा'च्या ओळीत तो येणारच नाही. 'रेक्स'ला मिळाला, मग 'नॉर्मंडी'ला. क्यूनार्डने तो घ्यायला नकार दिला, म्हणून 'क्वीन मेरी'समोर विक्रम लिहा पण चषक लिहू नका. पुढचं नाव थेट १९५२ चं, अमेरिकेचं 'युनायटेड स्टेट्स', परतीला ३ दिवस १० तास ४० मिनिटं आणि ३५.५९ नॉट. आणि सुरुवात कुठून, शेवट कुठे, दिशा कोणती हे तीन रकाने वेळेच्या आधी ठेवा.